आर्जेलिएचे सत्त्याऐंशी



फ्रान्सवर व्याख्यान द्यावयाचे म्हणजे पॅरिसवर द्यावयाचे, असा आपल्याकडे एक रिवाजच पडून गेला आहे. बास्तीलचा तुरुंग, व्हर्सायचा राजवाडा, कम्यूनचे मोर्चे, हे सारे आपण अनेकदा ऐकले आहे. मी आज आपणांस एका खेड्यात नेणार आहे. त्याचे नाव आर्जेलिए. वस्ती आजही दोन हजारांच्या आसपास. दक्षिण फ्रान्समधील ओद जिल्ह्यात, नार्बोन शहरापासून पंधरा-वीस किलोमीटरांवर ते वसलेले आहे. तेथे राजवाडा नाही, किल्ला पाहावयास कोणी जात नाही, मोठी लढाई झाल्याचीही नोंद नाही.

मग या गावाची निवड कशासाठी? मी काही इतिहासाचा पदवीधर नव्हे. साखर कारखान्यांतल्या कामगारांची संघटना बांधण्यात माझी उमेद गेली, आणि जे काही वाचन झाले ते वाचनालयांत व एस. टी.च्या बाकांवर झाले. १९०७ साली दक्षिण फ्रान्समधील लक्षावधी माणसे सरकारविरुद्ध रस्त्यावर उतरली आणि त्या भांडणाच्या मुळाशी साखरेचे पोते होते, हे जेव्हा वाचनात आले, तेव्हा या गावाची हकिगत मुळापासून समजून घ्यावी असे वाटले. तीन ठिकाणे डोळ्यांपुढे ठेवली तर ती नीट उमगते. पहिले ठिकाण गावाजवळून जाणारा कालवा, दुसरे गावातले एक कॉफीगृह, आणि तिसरे देवळाचे, म्हणजे तेथील चर्चचे, घंटाघर.

कालवा

नार्बोन हे फार जुने शहर. ख्रिस्तपूर्व ११८ साली रोमन लोकांनी ते वसविले. त्याच्या आसपासच्या टेकड्यांवर आणि सपाटीवर द्राक्षवेल तेव्हापासून आहे. परंतु वेल असणे वेगळे आणि सारे गाव एका वेलीवर जगणे वेगळे. हा दुसरा प्रकार अलीकडचा आहे आणि त्याची सुरुवात कालव्यापासून होते.

हा कालवा म्हणजे ‘कानाल द्यु मिदी’. ‘मिदी’ या शब्दाचा अर्थ मध्यान्ह. पण फ्रान्समध्ये सारा दक्षिण मुलूख याच नावाने ओळखला जातो. चौदाव्या लुईच्या कारकीर्दीत, १६६६ साली, पियेर-पोल रिके या गृहस्थाने हे काम अंगावर घेतले. हा रिके स्थापत्यविशारद नव्हता. मिठावरील कर वसूल करणारा मक्तेदार होता. तूलूझपासून भूमध्य समुद्रापर्यंत सुमारे २४० किलोमीटर लांबीचा जलमार्ग त्याने खोदविला. तूलूझला गारोन नदी आहे. ती अटलांटिक महासागराला मिळते. म्हणजे दोन समुद्र जोडले गेले. १६८१ साली कालवा खुला झाला; रिके त्याच्या आदल्या वर्षीच वारला होता.

या कामावर ऐन भरात बारा हजारांपर्यंत माणसे होती आणि त्यांत बायकाही पुष्कळ होत्या. माणसे टिकावीत म्हणून रिकेने महिन्याचा पगार ठरविला. रविवार, सणवार, पावसाचा दिवस आणि आजारपण यांचेही पैसे तो देत असे. हे तीनशे साठ वर्षांपूर्वीचे! आमच्या ऊसतोडणीच्या फडांवर आजारपणाच्या दिवसाचे पैसे मागून पाहावेत, म्हणजे यातले नवल कळेल. रिके दयाळू होता म्हणून हे घडले असे मी म्हणत नाही. सुगीच्या दिवसांत मजूर काम सोडून शेताकडे पळत, आणि त्याला ते थांबवावयाचे होते.

आर्जेलिएच्या भागात हा कालवा मोठ्या युक्तीने नेलेला आहे. चढउतार आला की कालव्याला दरवाजे बांधून नावा वरखाली घ्याव्या लागतात. पण येथे टेकड्यांच्या अंगाअंगाने, जमिनीची एकच पातळी धरून, ५४ किलोमीटरपर्यंत एकही दरवाजा न बांधता पाणी फिरविले आहे. या शांत पाण्यावरून वाइनची पिंपे बाहेर जाऊ लागली. पुढे १८५७ मध्ये बोर्दोहून सेतपर्यंतचा लोहमार्ग पुरा झाला आणि उत्तरेतील गिरण्या-खाणींच्या शहरांतले गिऱ्हाईक हाताशी आले. तेथील कामगाराच्या जेवणात पाव आणि वाइन ही रोजचीच. मागणी वाढली तसे शेतकऱ्यांनी गहू सोडला आणि बांधापासून बांधापर्यंत वेल लावला. हाती पैसा खेळू लागला. पण पाव विकत, कपडा विकत, सारे विकत. आणि विकावयाला घरात जिन्नस एकच. अशा गावाचे दैव बाजारभावाच्या हाती जाते.

साखर आणि पाणी

१८६० नंतरच्या दशकात अमेरिकेतून आलेल्या रोपांबरोबर एक बारीक कीड फ्रान्समध्ये शिरली. फिलोक्सेरा तिचे नाव. ती मुळांना लागते आणि वेल वाळून जातो. पाहता पाहता बागा उजाड झाल्या. शेवटी उपाय सापडला तोही अमेरिकेचाच. अमेरिकन वेलाची मुळे या किडीला दाद देत नाहीत. तेव्हा खाली अमेरिकन खुंट आणि वर फ्रेंच वेलाचे कलम, अशी नवी लागवड करावयाची. ती करण्यासाठी लहान बागाइतदारांनी कर्जे काढली. खर्च भरून यावा म्हणून भरघोस पीक देणारी ‘अरामाँ’सारखी जात लावली.

परंतु मधल्या टंचाईच्या काळात व्यापाऱ्यांना दुसरी वाट सापडली होती. एकदा पिळलेल्या द्राक्षांच्या चोथ्यावर पाणी आणि साखर घालावयाची, की आंबून पुन्हा वाइन तयार होते. परदेशातून सुकी द्राक्षे आणून ती भिजवूनही हा धंदा चाले. बागा पुन्हा फळाला आल्या तरी हा धंदा बंद पडला नाही. उलट १९०३ साली साखरेवरील कर उतरला आणि बनावट वाइन आणखी स्वस्त पडू लागली. साखर उत्तरेची होती, बीटपासून काढलेली. तेथील कारखानदारांचा दिल्लीत म्हणतात तसा पॅरिसमध्ये वशिला होता. शिवाय अल्जीरियात फ्रेंच वसाहतवाल्यांनी केलेली वाइन बोटी भरून येत होती. तशात सुगी चांगली झाली आणि भाव इतका कोसळला की पिकविण्याचा खर्चही निघेना. शेतकरी पीक आले म्हणून रडू लागला!

मजुराची गत याहून वाईट. मालकाने काम कमी केले की त्याची चूल बंद. १९०३ व १९०४ साली या भागातल्या द्राक्षबागांत शेतमजुरांचे मोठे संप झाले होते आणि मजुरांचे संघ गावोगाव उभे राहिले होते. ही गोष्ट ध्यानात ठेवावी; पुढे तिचा संबंध येणार आहे.

कॉफीगृह

आर्जेलिए गावात मार्सेलँ आल्बेर नावाचा एक इसम होता. जन्म १८५१ चा, याच गावातला. थोडी बाग, आणि गावात एक कॉफीगृह. शरीराने किरकोळ, दाढी काळी, आवाज मात्र असा की चौकाच्या पलीकडच्या टोकाला ऐकू जावा. त्याला नाटकाचा नाद होता. गावकऱ्यांनी त्याचे नाव ‘सिगाल’, म्हणजे रातकिड्यासारखा सदा किरकिर करणारा कीटक, असे ठेवले होते. बनावट वाइनवर बंदी घाला, हा त्याचा ध्यास. तो वर्षानुवर्षे सांगत राही आणि लोक हसत.

खेड्यातले असे कॉफीगृह म्हणजे आपल्याकडच्या पाराची आणि चहाच्या हॉटेलाची मिळून एक जागा. सायंकाळी बागेतून परतलेला माणूस तेथे बसतो, वर्तमानपत्र कोणीतरी मोठ्याने वाचते, आणि भावाची चर्चा होते. ज्या चळवळीने पुढे पॅरिस हादरले, तिची बैठक अशा जागी झालेली आहे.

१९०७ च्या मार्चमध्ये संसदेची एक चौकशी समिती नार्बोनला येणार असे कळले. ११ मार्च रोजी आर्जेलिएहून ८७ माणसे तिला भेटावयास निघाली. पुढे आल्बेर, मागे गावकरी, आणि वाद्ये वाजवीत, गाणे म्हणत चाललेली मिरवणूक. नार्बोनकरांनी त्यांच्याकडे करमणूक म्हणून पाहिले. समितीने त्यांचे म्हणणे ऐकून घेतले आणि ती पुढे गेली. म्हणजे त्या दिवशी पदरात काहीच पडले नाही. पण परतल्यावर त्यांनी एक समिती स्थापली आणि दर रविवारी एका नव्या गावी सभा भरवावयाचे ठरविले.

ही रविवारची युक्ती मला फार मोलाची वाटते. कामाचा दिवस बुडत नाही, बायका-मुले येऊ शकतात, आणि एका रविवारच्या सभेतच पुढच्या रविवारचे गाव जाहीर होते. आता आकडे पाहा. पहिल्या सभांना काहीशे माणसे. १४ एप्रिलला कुर्साँ गावी दहा हजारांवर. २१ एप्रिलला काप्स्ताँ येथे पंधरा हजार. ५ मे रोजी नार्बोनला ऐंशी हजार ते एक लाख. १२ मे रोजी बेझिए येथे दीड लाख. मग पेर्पिन्याँ, कार्कासोन, नीम. आणि ९ जूनला माँपेलिए येथे पाच लाखांहून अधिक. माँपेलिए शहराची त्यावेळची वस्ती ऐंशी हजारांच्या आसपास होती! खास आगगाड्या सोडल्या गेल्या. रात्री निवाऱ्याची अडचण पडली तेव्हा तेथील बिशपने चर्चचे दरवाजे उघडून दिले. प्रत्येक गाव आपापल्या फलकामागे, दिंडी पताकेमागे चालावी तसे, चालत होते. आणि फलकांवरचा मजकूर पुष्कळदा सरकारी फ्रेंचमध्ये नसून घरच्या ऑक्सितान बोलीत होता.

नार्बोनच्या सभेत शपथ घेण्यात आली की हा प्रश्न सुटेपर्यंत पक्षभेद बाजूस ठेवावयाचा. म्हणून व्यासपीठावर समाजवादी आणि राजेशाहीवादी शेजारी-शेजारी उभे राहिले. नार्बोनचे महापौर डॉक्टर एर्नेस्त फेरूल हे समाजवादी. ते या चळवळीचे दुसरे पुढारी झाले. सरकारने १० जूनपर्यंत हालचाल करावी, नाहीतर कर भरणार नाही आणि नगरपालिका राजीनामे देतील, अशी मुदत देण्यात आली. मुदत टळली आणि शेकडो गावांच्या कारभाऱ्यांनी खरोखरच राजीनामे दिले. नार्बोनच्या नगरगृहावर काळे निशाण लागले.

घंटाघर

त्यावेळी जॉर्ज क्लेमान्सो हे पंतप्रधान होते आणि गृहखातेही त्यांच्याचकडे होते. मोठा बुद्धिमान आणि तितकाच कठोर माणूस. त्यांनी सैन्य पाठविले. १९ जूनच्या पहाटे फेरूल यांना घरातून पकडून नेले. आर्जेलिए गावाला शिपायांचा वेढा पडला आणि समितीच्या सभासदांना अटक झाली. आल्बेर मात्र हाती लागला नाही. तो गावच्या चर्चच्या घंटाघरात लपून बसला होता.

घंटाघर ही खेड्यातली सर्वांत उंच जागा. संकट आले की तेथून घंटा वाजवावयाची आणि गाव गोळा करावयाचे, असा तिकडचा परिपाठ. चळवळीने स्वतःचे साप्ताहिक काढले होते, त्याचे नावही ‘ल तोकसँ’, म्हणजे धोक्याची घंटा, असेच होते. आता त्या घंटेखाली चळवळीचा पुढारी एकटा बसलेला होता, आणि खाली मैदानात काय चालले आहे यावर त्याचा काही ताबा उरलेला नव्हता.

खाली भयंकर घडत होते. १९ आणि २० जून या दोन दिवसांत नार्बोनमध्ये लष्कराने गोळीबार केला. सहा-सात माणसे मेली. त्यांत बाजाराच्या दिवशी शहरात आलेली सेसिल बुरेल नावाची वीस वर्षांची मुलगी होती. पेर्पिन्याँ येथे लोकांनी सरकारी कचेरीला आग लावली. २० जूनच्या रात्री सतराव्या पायदळ पलटणीतल्या सुमारे ५०० शिपायांनी आग्द येथील छावणीतला दारूगोळा घेतला आणि ते रातोरात बेझिएकडे चालत निघाले. ही पलटण बेझिए भागातल्याच पोरांची होती. बापावर, भावावर गोळी झाडावी लागेल म्हणून ती उठली. बेझिएच्या ज्या मोठ्या रस्त्यावर त्यांनी तळ दिला, त्या रस्त्याला कालवेकर्त्या रिकेचेच नाव आहे. नागरिकांनी त्यांना खाऊपिऊ घातले. दुसऱ्या दिवशी बोलणी होऊन ते परत फिरले, आणि नंतर त्यांची रवानगी ट्युनिशियातील गाफ्सा येथे झाली. मोंतेय्यूस या गायकाने त्यांच्यावर रचलेले गाणे कामगारांच्या सभांतून पुढे कित्येक वर्षे म्हटले जात असे.

शंभर फ्रँक

आता मूळ मुद्द्याकडे येतो. घंटाघरातून निसटून आल्बेर थेट पॅरिसला गेला. २३ जून रोजी, रविवारी, तो क्लेमान्सो यांच्यापुढे उभा राहिला. एकटा. क्लेमान्सो यांनी त्याला चांगले वागविले. बनावट मालाचा बंदोबस्त करीन, तू मात्र परत जा, लोकांना शांत कर आणि स्वतःला कायद्याच्या हवाली कर, असे सांगितले. परतीच्या भाड्यासाठी शंभर फ्रँकांची नोट दिली. आल्बेरने ती घेतली. तो गेल्यावर क्लेमान्सो यांनी ही हकिगत वर्तमानपत्रांच्या बातमीदारांना सांगितली. तीत आल्बेर रडल्याचेही होते आणि नोट तर होतीच.

झाले! ज्याला लोक ‘उद्धारकर्ता’ म्हणत होते तो एका दिवसात विकला गेलेला माणूस ठरला. गावी परतला तेव्हा त्याचेच लोक त्याच्यावर धावून गेले. काही दिवसांत तो माँपेलिए येथे जाऊन स्वतः अटक झाला. ऑगस्टच्या आरंभी सर्वांबरोबर सुटलाही. पण त्याचा शब्द कोणी पुन्हा मानला नाही. मध्ये काही काळ तो अल्जीरियात गेला. १९२१ च्या डिसेंबरात आर्जेलिए येथे तो वारला.

आल्बेर विकला गेला होता काय? माझे मत साफ आहे : नव्हता. लाख-लाख माणसांचा पुढारी शंभर फ्रँकांना विकत घेता येत नाही, आणि विकला गेलेला माणूस परत येऊन तुरुंगात जात नाही. पण आमच्या धंद्यात याचे दुसरे एक परिमाण आहे. वाटाघाटीला एकट्याने जावयाचे नाही. निदान तिघांनी जावे. काय मागावयाचे आणि कोठपर्यंत सोडावयाचे हे कार्यकारिणीने आधी लिहून द्यावे. बाहेर आल्यावर पहिली बातमी आपण द्यावी. ती मालकाच्या तोंडून सभासदांना कळता कामा नये. आणि गाडीभाडे वर्गणीतून द्यावे, मग ते शंभर असो की दहा. हे नियम चुकार माणसासाठी केलेले नाहीत. ते आल्बेरसारख्या सरळ माणसासाठीच आहेत. त्याचा सरळपणा लोकांपुढे सिद्ध करावयाला कागदाशिवाय साधन नसते.

पाच लाख माणसे जमली, तरी त्यांचे मत घेऊन पॅरिसला जाईल असे शिष्टमंडळ २३ जूनला शिल्लक नव्हते. पुढारी तुरुंगात गेले की दुसरी फळी पुढे यावी, ही तजवीज करण्याइतका वेळच त्या चळवळीला मिळाला नव्हता. मार्चमध्ये ८७ आणि जूनमध्ये पाच लाख. सभा वाढल्या त्या वेगाने संघटना वाढू शकली नाही. क्लेमान्सो यांनी नेमकी ही फट हेरली.

काय मिळाले, कोणाला मिळाले

मग चळवळ फसली का? तसेही म्हणता येत नाही. त्या नोटेला आठवडाही झाला नव्हता तोच, २९ जून १९०७ रोजी, संसदेने कायदा केला. प्रत्येक बागाइतदाराने दर वर्षी किती वाइन निघाली ती नगरगृहात लिहून द्यावी, आणि साखर घालण्यावर निर्बंध यावेत. मालाची नोंद झाली की व्यापाऱ्याने किती ‘वाढविली’ ते पकडता येते. ३ सप्टेंबरच्या हुकमाने वाइनची कायदेशीर व्याख्या झाली : ताज्या द्राक्षांपासून किंवा त्यांच्या ताज्या रसापासून आंबवून केलेली तीच वाइन, दुसऱ्या कशालाही ते नाव लावता येणार नाही. म्हणजे कॉफीगृहातला ‘सिगाल’ जे वर्षानुवर्षे ओरडत होता, तेच शेवटी सरकारी राजपत्रात छापले गेले. मात्र त्याचे श्रेय त्याला मिळाले नाही.

२२ सप्टेंबर १९०७ रोजी नार्बोन येथे बागाइतदारांचा महासंघ स्थापन झाला. फेरूल त्याचे अध्यक्ष. या संघाने वर्गणी गोळा केली, स्वतःचे तपासनीस नेमले आणि बनावट माल करणाऱ्यांना कोर्टात खेचले. हे काम गाजावाजाचे नव्हे, पण टिकले ते हेच.

आता मजुरांचा हिशेब. माँपेलिएच्या सभेत मालक आणि मजूर एका फलकाखाली चालले, हे खरे. पण मुख्य मागण्यांत भावाचा प्रश्न होता, साखरेचा होता. मजुरीचा आकडा नव्हता. तीन वर्षांपूर्वी ज्यांच्याविरुद्ध संप केला त्यांच्याच खांद्याला खांदा लावून चालण्याबद्दल शेतमजुरांच्या संघांतल्या पुष्कळांना संशय होता, आणि तो अगदीच अनाठायी म्हणता येणार नाही. नव्या महासंघात वजन मोठ्या बागाइतदारांचे होते. भाव सावरला म्हणून मजुराला काम मिळाले, एवढा फायदा झाला. भावातला वाटा त्याला मागून आणि भांडून घ्यावा लागला. एकजुटीची शपथ घेताना आपले मागणीपत्रक घरी ठेवून जाऊ नये, हा धडा तेथील मजूर शिकला.

लहान बागाइतदारांनी मात्र आणखी एक वाट चोखाळली होती. बेझिएजवळच्या मारोसाँ गावी १९०१ सालीच ‘स्वतंत्र बागाइतदार’ या नावाची सहकारी संस्था निघाली. ती आपली वाइन व्यापाऱ्याला टाळून थेट पॅरिसच्या कामगारांच्या ग्राहक-भांडारांना विकीत असे. १९०५ मध्ये जाँ जोरेस ती पाहावयास आले होते. तिच्या तळघराच्या इमारतीवर ‘सर्व एकासाठी, एक सर्वांसाठी’ अशा अर्थाची अक्षरे कोरलेली आहेत. पुढे अशी सहकारी तळघरे दक्षिणेत गावोगाव झाली. आज तिकडच्या खेड्यांत चर्चच्या खालोखाल नजरेत भरणारी इमारत पुष्कळदा हीच असते. आपल्याकडे सहकारी साखर कारखान्याची चिमणी दुरून दिसते, त्यातलाच हा प्रकार.

आर्जेलिए गावाने मार्सेलँ आल्बेरचे स्मारक केले आहे. ज्याच्यावर एकदा हात उगारला त्याचा दगडी मान गावाने राखला, हे चांगले झाले. कालवा १९९६ साली जागतिक वारशाच्या यादीत गेला. आता त्यावर पिंपांच्या नावा नाहीत, सहलीच्या नावा आहेत. त्याच्या काठची सावली देणारी प्लेन वृक्षांची रांग मात्र बुरशीच्या रोगाने ओस पडत चालली आहे. २००६ पासून हजारो झाडे तोडावी लागली.

या सर्वांहून मोठे स्मारक मला वेगळेच वाटते, आणि ते पाहावयास कोणी प्रवासी जात नाही. दर वर्षी द्राक्षांची सुगी आटोपली की फ्रान्समधला प्रत्येक बागाइतदार किती पीक निघाले याची नोंद अजूनही सरकारात करतो. तो कागद भरावयाचा कंटाळा येतो, त्याबद्दल तो कुरकुरही करीत असेल. परंतु त्या कागदासाठी एके दिवशी ८७ माणसे पंधरा-वीस किलोमीटर वाट तुडवून गेली होती आणि रिकाम्या हातांनी परतल्यावर पुढच्या रविवारची सभा कोठे भरवावयाची हे ठरवावयास बसली होती.